ओडीलचा चिठ्ठ्यांचा डबा

सेंट ओव्हिद गावात नोव्हेंबर महिन्यात कुणी कुणाला "कुठं निघालात?" असं विचारत नाही. विचारलंच, तर समोरचा खोटं सांगतो. ते खोटं आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि त्याचा राग कुणाला येत नाही. हरणाची जागा ही बापानं मुलाला मरताना सांगायची गोष्ट. ती चारचौघांत, तेही घेवडा आणि अंडी खाताना, कोण सांगेल?

हे सगळं खोटं पहाटे चार ते पाचच्या दरम्यान ओडील मिशोच्या खाणावळीत बोललं जातं. एरवी तिची खाणावळ सहाला उघडते. हरणांचा मोसम सुरू झाला की साडेतीनलाच चूल पेटते. काकवी घालून रात्रभर मुरवलेला घेवडा, हॅम, अंडी, कुट्टूच्या पिठाची पिवळसर धिरडी आणि कॉफी. धिरडी उलटायची नाहीत. एकाच बाजूनं भाजायची, वर जाळी पडली की उतरवायची. ओडील एकसष्ट वर्षांची. बुटकी, रुंद खांद्यांची, गुडघे दुखत असले तरी चालताना आवाज न करणारी. कोण कॉफीत किती साखर घेतो, कुणाचं लग्न कुरकुरतंय, कुणी दारू सोडली आणि कुणी सोडल्याचं नुसतं सांगितलं, हे तिला न विचारता कळतं. पण कळलेलं बोलून दाखवायचं नाही हा तिचा स्वभाव. गावाला ती आवडते ती यासाठीच.

चुलीशेजारच्या फळीवर कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. तो ओडीलनं स्वतः ठेवलेला आहे, आणि का ठेवला हे गावात लहान पोरालाही माहीत आहे. सव्वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा रोझेर याच टेबलांवर न्याहारी करून निघाला. "नदीच्या वळणावर बसतो आज," असं सगळ्यांसमोर म्हणाला आणि गेला भलत्याच डोंगरावर. तिथं पाय मोडून पडला. गाव चार दिवस नदीकाठ विंचरत राहिलं. पाचव्या दिवशी लिओंस डेगलला काय वाटलं कोण जाणे, तो एकटाच डोंगर चढला आणि रोझेरला खांद्यावर घेऊन उतरला. तोवर रोझेर जिवंत नव्हता. थंडीनं गेला होता, आणि डॉक्टर म्हणाले की तिसऱ्या दिवसापर्यंत तो जिवंत असावा.

पुढच्या मोसमात ओडीलनं डबा ठेवला. निघण्याआधी प्रत्येकानं खरी जागा कागदावर लिहायची, घडी घालायची, वर नाव घालायचं आणि डब्यात टाकायची. तोंडानं काय वाटेल ते खोटं बोला, डब्यात खरं टाका. संध्याकाळी परत आलं की आपली घडी आपणच उचलायची आणि न उघडता चुलीत घालायची. दिवे लागले तरी एखादी घडी उरली, तर दोन माणसांदेखत ओडील ती उघडणार. सव्वीस वर्षांत सात वेळा उघडली. पाच माणसं जिवंत आणली.

वेळेआधी ओडीलनं कधी एकही चिठ्ठी उघडली नाही. एकदाही नाही. पोटच्या मुलीची, मिरेयचीसुद्धा नाही. म्हणून तर लोक खरं लिहीत.

त्या वर्षी मोसमाचा पहिला दिवस शनिवारी आला. रात्री पाऊस पडून गेला होता आणि पहाटे धुकं इतकं दाट, की दारातून समोरच्या चर्चचा दिवासुद्धा दिसत नव्हता. गाड्या यायच्या त्या आधी आवाजानं कळायच्या, मग पिवळे डाग दिसायचे. खाणावळ भरली. नारिंगी जाकिटं, नारिंगी टोप्या, ओल्या लोकरीचा वास.

"ओडील, घेवडा यंदा कडक राहिलाय!" जिल्बेर पेल्की ओरडला. तो बटाट्याच्या वखारीत मुकादम. आवाज मोठा, मन त्याहून मोठं.

"दात कुणाचे पडलेत ते बघ आधी."

हशा पिकला. लिओंस डेगल आला तो त्याच हशात.

लिओंस एकोणऐंशीचा. उंच, वाळक्या लाकडासारखा. गावातल्या निम्म्या शिकाऱ्यांना बंदूक धरायला त्यानं शिकवलेली. दारात तो क्षणभर थांबला, मान जरा डावीकडे कलती करून त्यानं खोलीभर नजर टाकली आणि मग भिंतीच्या कडेकडेनं आपल्या खुर्चीपर्यंत गेला. जाताना प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर थाप मारत गेला, जणू सगळ्यांना शाबासकी देतोय.

ओडीलच्या हातातला झारा थांबला.

ती मान तिनं उन्हाळ्यापासून पाहिली होती. कोंबडी दाण्याकडे बघताना करते तशी तिरकी मान. ऑगस्टमध्ये लिओंसनं पत्ते सोडले. "कंटाळा आला," म्हणाला. चाळीस वर्षं दर गुरुवारी खेळणारा माणूस. सप्टेंबरमध्ये जिल्बेरनं हसत हसत सांगितलं होतं, म्हातारा आजकाल गाडीची दोन चाकं रस्त्याबाहेरच्या खडीवर ठेवून चालवतो, खडी वाजत राहिली की रस्ता कुठं आहे ते कळतं म्हणून. सगळे हसले होते. ओडीलही हसली होती. रात्री मात्र तिला झोप लागली नव्हती.

"या लिओंसकाका, बसा. आज कुठं?" जिल्बेरनं मुद्दाम विचारलं.

"गुडघे गेले बाबा माझे. विलेटच्या शेताच्या कडेला बसीन. गाडीतून उतरलं की बसलं."

"ऐका! गेल्या वर्षीही विलेटच्याच शेतात होता ना? आणि जाकिटाला सफरचंदाची पानं चिकटलेली!"

"विलेटनं सफरचंदं लावलीत," लिओंस शांतपणे म्हणाला. "तू गेलास की दिसतील."

पुन्हा हशा. कोपऱ्यातल्या टेबलावर मिरेय बसली होती. ओडीलची मुलगी, छत्तीस वर्षांची, तालुक्याच्या इस्पितळात परिचारिका. बाप गेला तेव्हा दहा वर्षांची होती. चौदाव्या वर्षी तिला पहिल्यांदा रानात नेलं ते लिओंसनंच. ती उठून आली आणि मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, खरंच गुडघे इतके दुखतात? मी गोळ्या आणून दिल्या होत्या, त्या घेतल्यात?"

"कोण, मिरेय?" लिओंसनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "घेतो की. झोपताना घेतो."

"सकाळी घ्यायच्या होत्या."

"मग सकाळी झोपतो."

मिरेय हसली. काकांच्या गुडघ्यांचं तिला वाईट वाटलेलं ओडीलनं पाहिलं. सगळी खोली ज्याला खोटं समजून हसली, ते या एकट्या पोरीनं खरं मानलं. गुडघे दुखतात हे तिला औषधांवरून माहीत होतं ना.

ओडीलनं लिओंसचं ताट वाढलं. अंडी एका कडेला, घेवडा दुसऱ्या कडेला, धिरडी दुमडून वर. आणि त्यानं मागितला नव्हता तरी पहिला दिवस म्हणून मधोमध हॅमचा जाड तुकडा. त्याला हॅम फार आवडे. ताट ठेवून ती वळली. मागं काचेचा आवाज झाला. लिओंसनं पाकाची बाटली उचलताना पेला पाडला होता. पाक धिरड्यावर न पडता टेबलावर ओघळत होता.

"म्हातारपणी पोरांसारखं सांडतं," तो मोठ्यानं म्हणाला आणि बाहीनं पुसू लागला. पुसत होता ते पाकाच्या शेजारी. जिल्बेरनं आपला रुमाल तिथं सरकवला आणि दुसरीकडे पाहिलं.

ओडील स्वयंपाकघराच्या दारात जिल्बेरला गाठून हळूच म्हणाली, "तू पाहिलंस ना?"

"काय?"

"सोंग करू नकोस."

जिल्बेरनं टोपी काढली, पुन्हा घातली. "अगं, त्याचं उरलंय काय? बायको गेली, भाऊ गेला. हा एक महिना आहे त्याच्याकडे. तो काढून घेतलास तर नाताळपर्यंत राहील का तो?"

"आणि रानात दुसरं कुणी असलं तर?"

"विलेटच्या शेतात कोण मरायला जातंय!"

"तो विलेटच्या शेतात जाणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

जिल्बेर कॉफीचा थर्मास उचलून गेला. खाणावळ रिकामी व्हायला लागली. एकेक जण डब्यात घडी टाकून धुक्यात शिरत होता. मिरेयनं आईच्या गालाला गाल लावला, घडी टाकली आणि गेली. शेवटी लिओंस उठला. चिठ्ठी त्यानं घरूनच लिहून आणली होती. फळीवर हात फिरवून त्यानं डबा शोधला आणि घडी आत टाकली. बंदूक खांद्याला अडकवून तो दाराकडे निघाला. ओडील त्याच्या मागोमाग गेली.

"काका."

"हं."

"धुकं फार आहे हो. उद्या रविवार, शिकार बंद. सोमवारी हवा उघडेल. सोमवारी जा ना."

"धुकं हरणांनाही आहेच की, पोरी." तो दारात थांबला. मान तिरकी करून त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, कानाच्या जरा मागं. "का गं? काय झालं?"

आत दोघंतिघं अजून जाकिटाची बटणं लावत होती. त्यांचे हात थांबले. ओडीलला दिसलं की ते ऐकतायत. या माणसानं रोझेरला खांद्यावरून आणलं होतं. तिच्या घरात त्याला झोपवून, वरून पांघरूण घालून, कुणी सांगितलं नसताना रात्रभर बाहेरच्या पायरीवर बसून राहिला होता. त्याला या दारात, या पोरांसमोर काय सांगायचं? तुम्ही आंधळे झालात असं?

"काही नाही," ती म्हणाली. "डोनट घेऊन जा बरोबर. दोन आहेत."

लिओंस आणखी क्षणभर थांबला. मग त्यानं हात पुढं केला. पुडी त्याच्या हातावर अलगद ठेवावी लागली. गाडी सुरू झाली, खडी वाजली आणि आवाज धुक्यात बुडाला.

पाच वाजून गेले होते. पावणेसहाला बंदुका उडवायची मुभा होती. ओडीलची नणंद ब्लांश आत भांडी विसळत होती. ओडील टेबलं आवरू लागली. एकेक ताट ती दुसऱ्यावर ठेवत गेली, आणि लिओंसचं ताट हातात घेतल्यावर ती तशीच उभी राहिली.

कडेची अंडी संपली होती. घेवडा संपला होता, धिरड्यानं कडा पुसून घेतल्या होत्या. आणि मधोमध हॅमचा तो जाड तुकडा जसाच्या तसा पडला होता. त्याला काटासुद्धा लागला नव्हता. लिओंस डेगलनं आयुष्यात कधी हॅम टाकला नव्हता. तुकडा आहे हेच त्याला कळलं नव्हतं. बघायचं तिथंच, नेमकं मधोमध, त्याला काही दिसत नव्हतं.

बंदूक रोखताना माणूस बघतो तेही मधोमधच.

ताट ठेवून ती फळीकडे गेली आणि तिनं डबा खाली घेतला.

"ओडील!" ब्लांशचे ओले हात तसेच हवेत राहिले. "अजून उजाडलंसुद्धा नाही. काय करतेस?"

"तू आत जा."

"सव्वीस वर्षं, बाई! उद्या कोण टाकेल त्यात चिठ्ठी?"

"ब्लांश, आत जा म्हणते ना."

ब्लांश गेली नाही. ओडीलनं लिओंसची घडी उघडली. मोठाली अक्षरं होती, ओळ कागदाच्या कोपऱ्याकडे घसरत गेलेली, पण वाचता येत होती. जुन्या गिरणीमागचा सफरचंदांचा मळा. साठ वर्षांपूर्वी सोडून दिलेलं शेत ते. झाडं रानटी झाली, पण अजून फळतात, आणि पडलेली फळं खायला हरणं येतात. तिला थोडं हायसं वाटलं. एवढ्या आत कोण जाणार? तेही काकांच्या जागेवर...

मग तिला मिरेयचा चेहरा आठवला. गुडघ्यांची गोष्ट खरी मानणारा चेहरा.

तिनं मिरेयची घडी शोधून उघडली. मिरेयचं अक्षर बारीक आणि नीटस, औषधाच्या बाटलीवर लिहिल्यासारखं. "लिओंसकाकांचा मळा. आता ते तिथं जात नाहीत. नदीकडच्या वाटेनं."

चुलीखालची लाकडं ओडीलनं बाहेर ओढली नाहीत, कढईही उतरवली नाही. खिळ्यावरचं एक नारिंगी जाकीट ओढून घेतलं आणि ती बाहेर पडली. मागून ब्लांश काय ओरडली ते तिला ऐकू आलं नाही.

सहा मैलांचा रस्ता. दिव्यांचा उजेड धुक्याला आपटून परत येत होता, गाडीच्या नाकापुढचं काही दिसत नव्हतं. काच खाली करून, डोकं बाहेर काढून ती चालवत होती. दोनदा रस्ता सोडून गवतात गेली. गिरणीच्या फाट्याला लिओंसची गाडी होती, एक चाक चराच्या कडेवर, दिवे तसेच जळत सोडलेले. त्याला दिवे दिसले नसतील. मिरेयची गाडी इथं असणार नव्हती, ती नदीच्या अंगाला.

ओडील रानात शिरली. नवी नवरी होती तेव्हा सासूबरोबर या मळ्यात मुरंब्यासाठी सफरचंदं वेचायला ती यायची, म्हणून वाट पायांना ठाऊक होती. आकाश काळ्याचं राखी व्हायला लागलं होतं. पानं ओली, पाऊल वाजत नव्हतं. आणि पाऊल वाजत नाही हीच मोठी भीती, हे तिला पन्नास पावलं गेल्यावर कळलं. रानात आवाज न करता येणारं काय असतं? तिनं खाली पाहिलं. जाकिटाखाली पांढरा एप्रन लोंबत होता, चालताना हलत होता. पळणाऱ्या हरणाची शेपटी अशीच दिसते. तिनं तो ओढून काढला, त्याचा बोळा केला आणि जाकिटात खोचला.

लांब कुठंतरी, बहुधा विलेटच्या शेतामागच्या डोंगराकडे, पहिला बार उडाला. पावणेसहा वाजले होते.

आता ओरडायला हवं होतं. पहिल्या दिवशी रानात ओरडलेलं माणूस गाव वीस वर्षं विसरत नाही. पण नावानं हाक मारायला तिला भीती वाटली. चाहूल घेऊन बसलेला शिकारी नाव नीट ऐकेपर्यंत बंदूक वळवून मोकळा होतो. मग जे तोंडात बसलेलं होतं तेच तिनं ओरडायला सुरुवात केली.

"दोन अंडी, हॅम! घेवडा एक! धिरडी तीन! कॉफी, बिनदुधाची!"

कुठलंही हरीण असं बोलत नाही. धुक्यात तिचा आवाज विचित्र घुमत होता, जणू रानात पलीकडे दुसरं कुणीतरी खाणावळ चालवतंय. ती चालत राहिली आणि ओरडत राहिली. "दोन अंडी, हॅम!"

गिरणीची पडकी भिंत दिसली. भिंतीला टेकून लिओंस बसला होता. बंदूक खांद्याला लागलेली, मान कललेली, गाल दस्त्यावर नाही तर दस्त्याच्या बाजूला. त्यानं डावा हात जरासा वर करून तिला गप्प राहायची खूण केली.

"शू, ओडील," तो कुजबुजला. ती का आली आहे याचं त्याला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, इतका तो समोरच्या गोष्टीत बुडाला होता. "ते बघ, वाकड्या झाडाखाली. पाव तास बसून होतं, माझी खात्री होत नव्हती. तुझ्या आवाजानं आत्ता उठलं."

मळ्यात धुकं जरा विरळ होतं. साठेक पावलांवर, वाकड्या झाडाखाली, नारिंगी टोपी घातलेली मिरेय उभी होती. आईचा आवाज कुठून येतोय ते शोधत, हळूहळू त्यांच्याच दिशेला वळत.

ओडीलनं नळीवर हात ठेवला. लोखंड बर्फासारखं थंड होतं. तिनं ढकललं नाही. नुसता हात ठेवला, मग आपलं सगळं वजन त्यावर टाकलं. नळी खाली गेली, ओल्या पानांत टेकली.

"काय करतेस? जाईल ते!"

"काका, चापावरचं बोट काढा."

"अगं पण..."

"बोट काढा."

त्यानं काढलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं. बंदूक अजून त्याच्या हातात होती, पण आता ती धरून ठेवल्यासारखी, कुणाची तरी परत द्यायची असल्यासारखी.

"झाडाचा खुंट होता का?" लिओंसनं विचारलं. "वाऱ्यानं फांदी हलली असेल. तसं होतं कधी कधी."

खोटं बोलणं किती सोपं होतं. खुंट होता काका, चला घरी. या गावात नोव्हेंबरात सगळेच खोटं बोलतात, आणि राग कुणाला येत नाही.

"मिरेय आहे ती," ओडील म्हणाली.

लिओंस हलला नाही. मग त्यानं मान तिरकी केली, एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं, आणि पुन्हा पहिल्या बाजूनं. जे हरीण होतं त्याच्यात तो पोरीला शोधत होता.

"टोपी घातलीये तिनं?"

"घातलीये."

"नारिंगी?"

"हो."

"मला राखी दिसते," तो म्हणाला. "सगळंच राखी दिसतं."

त्यानं बंदुकीतली काडतुसं काढायला घेतली. चुकून बार उडू नये म्हणून असतो तो खटका त्यानं आधीच सरकवून ठेवलेला होता. एक काडतूस निसटून पानांत पडलं आणि तो ते चाचपत बसला, पडलं होतं त्याच्या उलट बाजूला. ओडीलनं वाकून ते उचललं आणि त्याच्या खिशात टाकलं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पत्ते सोडलेत तेव्हापासून."

"ऑगस्ट."

"हो."

"आणि मघाशी दारात?"

ओडीलनं एप्रनचा बोळा जाकिटात आणखी आत खोचला.

"मी विचारलं होतं तुला. काय झालं म्हणून विचारलं होतं." त्याचा आवाज चढला नाही. वर्गात एखाद्या हुशार मुलाला चूक दाखवावी तसा तो बोलत होता. "मी उगीच नव्हतं विचारलं, पोरी. मला वाटलं, ही सांगेल. दुसरं कुणी सांगणार नाही, पण ही सांगेल. मग मी बंदूक तुझ्या खुर्चीवर ठेवली असती आणि दुसरी कॉफी मागवली असती. तसं ठरवूनच आलो होतो. मला माझ्या तोंडानं म्हणवत नव्हतं, एवढंच. आणि तू मला डोनट दिलेस."

ओडील भिंतीचा एक दगड धरून उभी राहिली.

मिरेय धावतच आली. गवतानं गुडघ्यापर्यंत भिजलेली, रागानं लाल झालेली.

"आई! डोकं फिरलंय का तुझं? दोन हरिणी येत होत्या समोरून, पळवल्यास! आणि तुला कसं कळलं मी..." ती थांबली. काकांना पाहिलं, पानांत टेकलेली नळी पाहिली, आईचा चेहरा पाहिला. ती परिचारिका होती. माणसांचे चेहरे वाचायची तिला सवय होती. "काका, तुम्ही तर विलेटच्या शेतात जाणार होता."

"तसं म्हणालो खरा," लिओंस म्हणाला. "इकडे ये. ही धर." त्यानं बंदूक पुढं केली, तिच्यापासून हातभर डावीकडे. मिरेयनं पाऊल सरकून ती घेतली. "मी पाव तास तुझ्यावर नेम धरून बसलो होतो. तू हलावीस म्हणून वाट बघत होतो. आणखी कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

मिरेय बंदुकीकडे पाहत राहिली, मग तिनं स्वतःच्या छातीवरचं जाकीट एकदा हातानं सारखं केलं, जणू तिथं काही लागलंय का ते बघावं. मग ती काकांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

तिघं फाट्यापर्यंत चालत आली. लिओंसनं ओडीलच्या जाकिटाची बाही धरली होती. वाटेत तो एकदाच बोलला.

"सोमवारी तूच सांग सगळ्यांना. मी बसलेलो असताना सांग. मी नसताना नको."

"सांगते."

"डबा उघडलास तेही सांग."

"तेही सांगते, काका."

"रागावतील."

"रागावू देत."

गाडीचे दिवे मंद होत आले होते. लिओंस सवयीनं चालकाच्या दाराकडे गेला, कडीला हात घातला आणि तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून किल्ली काढली आणि हवेत धरली. ओडीलनं ती घेतली. मग गाडीचं ओलं नाक हातानं चाचपत तो पलीकडे गेला, दार उघडून बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

आता चांगलंच उजाडलं होतं, धुक्याला पांढरेपणा आला होता. नदीपलीकडे एक बार उडाला, मग विलेटच्या डोंगराकडे लागोपाठ दोन. मग जवळच, इतक्या जवळ की गाडीची काच थरथरली, आणखी एक. कितीतरी माणसं होती आज रानात. लिओंसनं मान तिरकी करून त्या बाजूला कान दिला.

"तिकडे कोण आहे?" त्यानं विचारलं.

ओडीलनं गाडी सुरू केली. मिरेय मागं, दोन बंदुका मांडीवर आडव्या घेऊन, खिडकीबाहेरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसली होती. उत्तर डब्यातल्या कुठल्यातरी न उघडलेल्या घडीत होतं.